हद्द ठरवायच्या आधी गटर कुठं जातंय ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या हद्दवाढीवर, म्हणजे भोवतालची गावं महापालिकेत घ्यायची का नाही यावर, तुमच्या पेपरात पत्रं येतात ती मी पहिल्यापासनं वाचतो. शहरातला माणूस लिहितो की गावं आमच्या जिवावर मजा मारतात, गावातला लिहितो एक गुंठा देणार नाही, आणि चार ओळी वाचल्या की लिहिणारा शहराच्या वेशीवरच्या जुन्या जकात नाक्याच्या आत राहतो का बाहेर हे खालचा पत्ता न बघता सांगता येतं. मी बाहेरचा. शहराच्या दक्षिणेला हद्दीला खेटून एक गाव आहे तिथं माझं घर, आणि शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, म्हणजे घरफाळा (घरपट्टी) मी दोन्हीकडं भरतो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, घातलं की पहिला फोन गल्लीतनं येणार आणि दुसरा सरपंचांचा, दोघंही चांगली माणसं आहेत, उगीच कशाला. तर बाहेरचा असूनसुद्धा मला हद्दवाढ पाहिजे आहे, पण ज्या पद्धतीनं ती मागतात आणि ज्या पद्धतीनं ती नाकारतात ते दोन्ही मला पटत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, जमलं तर सगळं छापा.

मागचं थोडक्यात सांगतो, सगळ्यांना माहीत असतं असं आपण समजतो पण नसतं. आपली नगरपालिका १८५४ ची. महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. आणि शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर, ते तेव्हापासनं तेवढंच, त्यात एका वाडीचीसुद्धा भर पडलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, त्याला पण आता किती वर्षं झाली बघा, आणि मधल्या काळात जी माणसं वाढली त्यातली निम्मीअर्धी तरी माझ्यासारखी नाक्याच्या बाहेर राहायला गेली असणार, हा माझा अंदाज, पण सकाळी नऊला आर. के. नगर नाक्यावर नाहीतर कळंब्याच्या रस्त्याला उभं राहिलं की तुम्हाला पण तसंच वाटेल. प्रस्ताव किती वेळा गेले आणि किती वेळा परत आले, कधी वीस गावं, कधी अठरा, कधी त्याहून कमी. दर वेळी शहरात धरणं, गावांत बंद, मुंबईला शिष्टमंडळ. २०१७ ला हद्दवाढ राहिली बाजूला आणि ४२ गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. आता हे प्राधिकरण बांधकामाचे नकाशे मंजूर करतं, विकास शुल्क घेतं, पण गटर, कचरा, दिवाबत्ती आहे ती ग्रामपंचायतीच्याच गळ्यात. म्हणजे घर बांधायची परवानगी एकाकडं आणि त्या घरातलं सांडपाणी दुसऱ्याकडं. हे ज्यानं ठरवलं त्यानं आयुष्यात कधी सेप्टिक टाकी उपसून घेतली नसणार.

आता मुद्द्याचं. आपलं शहर दक्षिणेला आणि पूर्वेलाच का वाढलं याचा विचार या भांडणात कुणी करताना दिसत नाही. नकाशा काढून बघा. उत्तरेला आणि पश्चिमेला पंचगंगा, त्या अंगाला वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिये, हा सगळा मळीचा, म्हणजे नदीच्या गाळाचा, काळ्या रानाचा पट्टा, ऊस, भाजीपाला, म्हशी. गंगावेशीत सकाळ-संध्याकाळ डोळ्यासमोर धार काढून दूध देतात ते कौतुकानं आपण पाहुण्यांना दाखवतो, त्या म्हशी अशाच नदीकाठच्या वैरणीवर पोसलेल्या. आणि दक्षिणेला माळ. सागरमाळ, शेंडा पार्क, पाचगाव-मोरेवाडीकडचा मुरूम, तिकडं उजळाईवाडीचा माळ. पिकायचं बेताचंच, पण पाया खणायला झकास आणि पुराचं पाणी कधी चढत नाही. म्हणून विमानतळ संस्थानकाळात तिकडं झाला, १९६२ ला विद्यापीठ तिकडं झालं, एमआयडीसी गोकुळ शिरगावला गेली, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं आणि त्याच्या कायमच्या इमारतीसाठी जागा बघितली ती पण शेंडा पार्कातच. त्यानंतर आमच्याकडं गुंठ्याचा दर काय झाला हे एजंटला विचारा, तो रोज वेगळा सांगतो आणि दर वेळी वरचाच सांगतो.

म्हणजे एका बाजूला अशी गावं आहेत की जिथं शेती नावाला राहिली, जनगणनेच्या व्याख्येत सुद्धा ती कधीच गावं राहिलेली नाहीत. (लोकसंख्या पाच हजाराच्या वर, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि पुरुष कामगारांतले पाऊणहिस्सा बिगरशेती कामात असले की जनगणनावाले त्याला शहर म्हणतात, मग तिथं ग्रामपंचायत का असेना.) आणि दुसऱ्या बाजूला अशी गावं आहेत की जिथं खरोखर रान आहे, गोठे आहेत आणि पूर आहे. प्रस्ताव करणाऱ्यांनी ही दोन्ही एकाच यादीत घातली, आणि विरोध करणाऱ्यांनी पण दोन्हीची एकच कृती समिती केली. इथंच सगळं फसलंय असं माझं स्पष्ट मत आहे. वडणग्याचा शेतकरी नको म्हणतो त्याचं कारण वेगळं, आमच्या गावातला माणूस नको म्हणतो त्याचं वेगळं, दोघं एका मांडवात बसतात आणि शहरवाले म्हणतात सगळी गावं विरोधात आहेत.

पुराचं एवढं लिहिलं तर अजून दोन ओळी लिहितोच. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, भाजी नाही. चिखली-आंबेवाडीतनं माणसं आणि जनावरं काढायला लागली. असल्या पट्ट्यात हद्दीची रेघ नेली की तिथं आधी काय होणार? रस्ता होणार, मग प्लॉट पडणार, मग त्यात भराव. आतल्या शहरात पूररेषेच्या नाकावर टिच्चून काय काय उभं राहिलं ते आपण शाहूपुरी कुंभार गल्लीपासनं नागाळा पार्कापर्यंत पाण्यात उभं राहून बघितलंय. नदीकाठच्या गावांना यादीतनं काढा, कायमचं काढा, ते पाण्याला पसरायला ठेवलेलं रान आहे असं समजा आणि त्या शेतकऱ्याला ते रान रान म्हणून ठेवायला काहीतरी द्या. माझ्या या वाक्यावर शहरातले मित्र चिडतात, म्हणतात क्षेत्रफळ कमी पडेल, निधी कमी मिळेल. मिळू दे की कमी.

आता आमच्या बाजूचं. आमच्या गल्लीच्या शेवटी येऊन उभं राहिलात तर जास्त काही सांगायला लागणार नाही. सिमेंटचं गटर आहे, चांगलं बांधलंय, शेवटच्या घराच्या कंपाउंडपर्यंत येतं आणि तिथं संपतं. म्हणजे बांधकाम संपतं, पाणी चालूच. पुढं एक मोकळा प्लॉट आहे, मालक पुण्याला, त्यात आळू कमरेएवढं माजलंय आणि त्या आळवात अख्ख्या गल्लीचं मोरीचं पाणी शिरतं, सकाळी फेस, दुपारी काळं, आणि संध्याकाळी डास. घरटी सेप्टिक टाकी आहे पण जवळपास प्रत्येकानं तिचा वरचा पाईप गुपचूप त्याच गटरात सोडलाय, माहीत सगळ्यांना आहे, बोलत कुणी नाही. टाकी तुंबली की उपसायची गाडी बोलवायची, ती पैसे घेते, पाईप टाकते, भरून जाते. कुठं नेऊन ओतता ओ, असं एकदा ड्रायव्हरला विचारलं तर तो नुसता हसला आणि गिअर टाकला. बरं, आळवातलं पाणी तिथंच थांबत नाही, खालच्या अंगाला ओढा आहे त्यात जातं, ओढा पुढं मोठ्या नाल्याला मिळतो आणि तो नाला हद्द ओलांडून शहरात घुसतो. जकात जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपण अजून शाहू नाका, शिरोली नाका, फुलेवाडी नाका म्हणतो, पण नाल्याला नाका कधीच नव्हता.

जयंती नाला कळंब्याच्या बाजूनं येतो, हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरी करत शहराच्या पोटातनं जाऊन पंचगंगेला मिळतो. तिथं पंप बसवून ते पाणी उचलतात आणि कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरच्या) केंद्रात नेऊन त्याच्यावर प्रक्रिया करतात, दुधाळीला आणखी १७ एमएलडीचं आहे. हे चांगलंच आहे, पण जोराचा पाऊस झाला किंवा पंप बंद पडला की जे सांडतं ते सरळ नदीत, आणि त्यात आमच्या आळवातलं पण असतं. मग पेपरात फोटो येतो, फेस आलेली नदी, मेलेले मासे. खाली इचलकरंजी. तिथं २०१२ ला काविळीची साथ आली, माणसं गेली. त्यांना आता पंचगंगेचं पाणी नको, दूधगंगेचं पाहिजे, म्हणून सुळकूड योजना, आणि तिला कागलच्या बाजूनं विरोध, म्हणजे भांडण आता दुसऱ्या नदीपर्यंत गेलं. आणि इकडं आम्ही अजून गावाला शहर म्हणायचं का नाही यावर बसलोय.

म्हणून माझं म्हणणं असं की हद्द कुठं न्यायची हे उताराला विचारा. ज्या गावाचं सांडपाणी आपल्या आपण शहरात उतरतं ते गाव शहराला घ्यावंच लागेल, आज घ्या नाहीतर वीस वर्षांनी घ्या, तोपर्यंत ते पाणी तुम्ही घेताच आहात, नुसता त्याचा फाळा घेत नाही. ज्या गावाचं पाणी दुसरीकडं उतरतं किंवा जिथं पूर बसतो तिथं हद्दवाढीचं नाव काढू नका. असा नकाशा काढायला काही चंद्रावर जायला नको, कंटूर शीट (जमिनीचा चढ-उतार दाखवणारे नकाशे) असतात, सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे असतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर कुठल्या पांदीतनं पाणी कुठं जातं ते तो बसल्या जागी सांगतो.

कळंबा तलावाचं पण यातच येतं. संस्थानानं शहराला पाणी पाजायला बांधलेला तलाव, अजून कळंबा गाव आणि शहराचा काही भाग त्याचं पाणी पितो. त्यात पाणी येतं कात्यायनीच्या डोंगराकडच्या ओढ्यांतनं, आणि प्लॉटिंग आता त्याच बाजूला सरकतंय. तलाव एकाचा, ओढा दुसऱ्याच्या हद्दीत, नकाशा मंजूर करणारा तिसरा. या तिघांची एक बैठक झाली तर चहाचं बिल कुणी द्यायचं यावर पण कमिटी बसेल.

कचऱ्याचं तर लिहायची लाज वाटते पण लिहितो. आमच्याकडं घंटागाडी येते, पण तिचा भरवसा नाही, मग लोक काय करतात, सकाळी कामाला निघताना कॅरीबॅगला गाठ मारतात, ती मोटरसायकलच्या हँडलला अडकवतात आणि हद्द ओलांडली की पहिल्या मोकळ्या कोपऱ्यावर गाडी जरा हळू करतात. बास. गाडी थांबवायची पण गरज नाही, इतका हात बसलाय. मग त्या कोपऱ्यावरचे शहरातले लोक बोर्ड लावतात, त्याच्यावर देवाचा फोटो लावतात, आणि आमचे लोक पुढचा कोपरा बघतात. यात शहरवाले आम्हाला शिव्या देतात त्या शंभर टक्के बरोबर आहेत. पण उलट्या दिशेनं पण बघा, रात्री रिकाम्या डंपरमधनं शहरातल्या पाडलेल्या घरांचा राडारोडा कुठं येऊन पडतो? आमच्याच ओढ्यात. तेव्हा हिशेब दोन्हीकडनं मांडा.

शहरातले म्हणतात रस्ते आमचे, दवाखाने आमचे, केएमटी बस आमची, बागा आमच्या, आणि वापरणार तुम्ही. मध्येमध्ये गावांची केएमटी बंद करा अशी मागणी पण येते. अहो, बस बंद केली तर काय होईल, कॉलेजची पोरं वडापच्या जीपनं येतील आणि उरलेले दुचाकीनं, आणि सगळी गर्दी तुमच्याच रस्त्यावर. आणि आम्ही शहरात येतो ते काय नुसतं फिरायला येतो का, महाद्वार रोडला लग्नाचा बस्ता बांधतो, लक्ष्मीपुरीतनं किराणा नेतो, तुमच्या दुकानात, वर्कशॉपात, हॉटेलात काम करणारी पोरं राहतात कुठं ते विचारा. त्यांना नाक्याच्या आत भाडं परवडत नाही म्हणून ती आमच्याकडं राहतात. गावांनी शहर फुकट वापरलं हे जितकं खरं तितकंच शहरानं गावं स्वस्तात वापरली हे पण खरं.

आता आमच्या लोकांची भीती. ती खोटी नाही आणि तिला गावठी राजकारण म्हणून उडवू नये. ज्यांच्याकडनं मी प्लॉट घेतला ते आबा अजून गावठाणात राहतात, चार म्हशी आहेत, थोडं रान राहिलंय. त्यांना मी म्हणलं, आबा, हद्दवाढ झाली तर तुमच्या रानाला सोन्याचा भाव येईल. तर म्हणाले, "भाव इल रं, पर इकायचं कुणाला हाय? तुमी माझ्या रानात बगीचा काढला मंजी?" बघा, एका वाक्यात विकास आराखडा सांगून मोकळे. रानावर बगीच्याचं नाहीतर रस्त्याचं आरक्षण पडलं की ना विकता येत ना बांधता येत, आणि आरक्षण उठवायला कुणाकडं जायचं हे ज्याला माहीत त्याचंच उठतं, असा लोकांचा अनुभव आहे. दुसरी भीती घरफाळ्याची. इथं मात्र दोन्हीकडनं नुसत्या अफवा चालतात. गावात कुणी म्हणतो दसपट होणार, शहरात कुणी म्हणतो काहीच वाढणार नाही. कायदा काय सांगतो, तर नव्यानं घेतलेल्या भागाला पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्याच दरानं कर, आणि मग दरवर्षी वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यानं वाढवत पूर्ण दरावर न्यायचा. ही सोय महापालिका अधिनियमातच आहे. पण हे गावसभेत येऊन, पाटीवर खडूनं लिहून, तुमच्या अमुक चौरस फुटाच्या घराला आज इतके, सहाव्या वर्षी इतके, असं कुणी सांगितलेलं मी तरी बघितलं नाही. मी दोन्हीकडच्या पावत्या शेजारी ठेवून बघतो, फरक आहे, चांगलाच आहे, पण उद्यमनगरात माझ्या दारात ड्रेनेजचं झाकण आहे आणि घरी आळू आहे. तो फरक भरायला मी तयार आहे. आबांच्या गोठ्याला तो का लावायचा, हे मात्र मला पण पटवून सांगता येणार नाही, गोठ्याचा आणि गावठाणाचा वेगळा विचार आधी लिहून द्या, तोंडी नको.

पुण्याचं उदाहरण शहरवाले नेहमी देतात, पुणे बघा किती वेळा वाढलं. बघितलं की. २०१७ ला अकरा गावं घेतली, २०२१ ला तेवीस घेतली, आणि त्या पहिल्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायला लागली, कारण लोक म्हणाले कर शहराचा आणि सोयी गावाच्या, वर कचरा डेपो पण आमच्याच उशाला. त्यामुळं नुसतं आधी आत घ्या मग बघू, याला माझा विरोध आहे. आपल्या महापालिकेची ताकद पण सगळ्यांना माहीत आहे. सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी किती वर्षं येणार येणार म्हणत २०२३ च्या दिवाळीत आलं, आणि अजून मोटर बिघडली की शहरात टँकरमागं पळापळ असते. आतल्या उपनगरातले रस्ते पावसाळ्यात कसे होतात ते लिहीत नाही, फुलेवाडी रिंगरोडचे लोक स्वतः लिहितील. मग आमच्या गावातला माणूस म्हणतो, यांचं यांना होईना. त्याला उत्तर द्यायला लागेल.

आणि एक बोलू का, राजकारणाचं. कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात काही प्रभाग शहराचे आणि बाकी गावं. म्हणजे तिथल्या कुठल्याही पक्षाच्या नेत्याला शहरात हद्दवाढीच्या बाजूनं आणि गावात विरोधात बोलायला लागतं, आणि सगळे तसंच बोलतात, काही जण तर एकाच दिवशी. शासन म्हणतं आधी तुमच्यात एकमत करा. एकमत आजवर कुठल्या हद्दवाढीला झालंय? निर्णय न घ्यायचा असला की एकमत मागतात.

जुन्या लोकांनी हे काम कसं केलं ते बघायला लांब जायला नको. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती गावाबाहेरच होती. पुढं राजारामपुरी झाली, ती पण तेव्हा लांबच. पण आधी रेघा मारल्या, गल्ल्या सोडल्या, मग माणसं आली. म्हणून आज सुद्धा राजारामपुरीत नुसता गल्लीचा नंबर सांगितला की पाहुणा दारात येतो. आमच्याकडं उलटं, आधी माणसं आली, गुंठा गुंठा घेऊन, मग ज्याला जसं सुचलं तसा रस्ता. एक कॉलनी एका मालकाच्या रानात, दुसरी दुसऱ्याच्या, दोन्हीचे रस्ते एकमेकांना मिळतच नाहीत, मधे उसाची पट्टी. अँब्युलन्सला पलीकडच्या गल्लीत जायचं तर मेन रोडला येऊन वळसा. असल्या ठिकाणी कायद्यानं जास्तीत जास्त सतरा सदस्यांची ग्रामपंचायत, एक ग्रामसेवक आणि दोन-चार कर्मचारी काय करणार? ते करतात तेवढं पुष्कळ करतात असं मी म्हणेन. पण अजून दहा वर्षं असंच चाललं तर रस्ता काढायला जागाच राहणार नाही, मग हद्दवाढ झाली काय आणि न झाली काय.

जनगणना आता तोंडावर आहे, आणि जनगणनेच्या काळात सीमा गोठवून ठेवतात. मग तो वेळ भाषणात घालवू नका. हद्दीचा निर्णय होईल तेव्हा होईल, पण जयंती नाल्याला उतरणाऱ्या गावांचं ड्रेनेज महापालिका, प्राधिकरण आणि जिल्हा परिषद यांनी मिळून करायला आज कुणाची आडकाठी आहे? पैसे कुणी किती घालायचे ते लिहून ठरवा. मैल्याच्या गाड्यांना बावड्याच्या केंद्रात ओतायची मुभा द्या, गाडीचा नंबर आणि पावती ठेवा, म्हणजे ड्रायव्हरला हसायला लागणार नाही. कचऱ्याची गाडी हद्दीपाशी वळवायच्या ऐवजी शेवटच्या गल्लीपर्यंत येऊ दे, त्याचे पैसे ग्रामपंचायतीकडनं घ्या, आम्ही देऊ, गावसभेत मी स्वतः हात वर करतो. आणि घरफाळ्याचा तक्ता गावागावात लावा. एवढं झालं आणि लोकांना झाकणाखालचं गटर एकदा दिसलं की मग हद्दवाढीला किती विरोध राहतो ते बघू. राहिला तर राहिला, मग मी पण गप्प बसेन.

पुढच्या बैठकीला साहेब लोक येतील तेव्हा एक विनंती आहे. हॉलमध्ये प्रोजेक्टरवर नकाशा दाखवू नका. महापालिकेचा एक अभियंता, प्राधिकरणाचा एक आणि आमचे ग्रामसेवक, तिघांनी आमच्या गल्लीच्या टोकापासनं ओढ्याच्या कडेकडेनं हुतात्मा पार्कापर्यंत चालत यावं. रविवारी वर्कशॉप बंद असतं, वाट दाखवायला मी येतो. गमबूट मात्र आपापले आणा, आणि जरा उंच आणा.

आपला,
नाक्याबाहेरचा एक वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर